सर्नने रशियाला दार लावलं: विज्ञानातलं सहकार्य हे शिक्षेचं हत्यार असावं का?

कणाद

३० नोव्हेंबर २०२४ रोजी सर्न ही युरोपातली मूलकण-भौतिकीची प्रयोगशाळा आणि रशिया यांच्यातला सहकार्य करार संपला आणि सर्नने ठरवून तो पुन्हा केला नाही. बेलारूसचा करार त्याच वर्षी जूनमध्ये असाच संपू दिला होता. रशियन संस्थांच्या नावावर काम करणाऱ्या सुमारे ५०० शास्त्रज्ञांना जिनिव्हाजवळची ही प्रयोगशाळा त्या दिवसापासून बंद झाली. काहींनी आधीच दुसऱ्या देशातल्या संस्थेत जागा मिळवली होती, ते राहिले. बाकीचे गेले. कारण सर्वांना माहीत आहे: फेब्रुवारी २०२२ मधलं युक्रेनवरचं आक्रमण.

माझं मत आधीच सांगतो. आक्रमण अन्यायाचं आहे, त्यात किंतु-परंतु नाही. तरीही हा निर्णय चुकला, आणि तो चुकला हे भारतीयांनी मोठ्याने म्हणायला हवं. कारण वाळीत टाकणं म्हणजे काय हे आपल्या शास्त्रज्ञांनी सोसलेलं आहे.

सर्न १९५४ मध्ये १२ देशांनी उभी केली. त्या बारांत पश्चिम जर्मनी होती आणि जर्मनीने नऊ-दहा वर्षांपूर्वी पायाखाली तुडवलेले फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, नॉर्वे, डेन्मार्क, ग्रीस आणि युगोस्लाव्हियाही होते. जखमा ओल्या असताना ते एकत्र बसले. सनदेत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: लष्करी गरजांसाठीच्या कामाशी संस्थेचा संबंध राहणार नाही, आणि जे काही सापडेल ते सर्वांसाठी खुलं असेल. १९६७ मध्ये सर्नने सोव्हिएत संघाशी करार केला. मॉस्कोच्या दक्षिणेला प्रोटव्हिनो इथे तेव्हा जगातला सर्वात शक्तिशाली त्वरक (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) तयार होत होता आणि पश्चिम युरोपातले शास्त्रज्ञ आपली उपकरणं घेऊन तिथे गेले. पुढच्याच वर्षी प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले. १९७९ मध्ये अफगाणिस्तान झालं. तो दुवा तेव्हा तुटला नाही. जे शीतयुद्धाला जमलं नाही ते २०२४ मध्ये आपण करून दाखवलं.

एलएचसी या सर्नच्या महाकाय त्वरकावरच्या सीएमएस या प्रयोगाचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. त्याच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाच्या, दोन टोकांना लागणारं पितळ कुठून आलं? रशियन नौदलाकडे पडून असलेल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांच्या दहा लाखांहून जास्त पुंगळ्या वितळवून. त्याच कॅलरीमीटरच्या बाहेरच्या थरातले प्रस्फुरक, म्हणजे कण गेला की क्षणभर उजळणारे फलक, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाने बनवले. ते पितळ आजही तिथेच आहे, रोज मोजमाप करतं आहे. ज्यांनी ते घडवलं त्यांना मात्र आत यायची परवानगी नाही.

आता आपलं. मे १९९८ मध्ये पोखरणला दुसऱ्यांदा अणुस्फोट झाले आणि अमेरिकेने आपल्या संस्थांची लांबलचक काळी यादी केली. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष राजगोपाल चिदंबरम यांना त्याच उन्हाळ्यात अमेरिकेने व्हिसा नाकारला. ते जाणार होते स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बैठकीला. बॉम्बचा आणि त्या बैठकीचा काही संबंध नव्हता. त्या काळात सर्नने आपल्याशी कसं वागलं? अणुऊर्जा विभागाबरोबरचं काम चालू ठेवलं. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातून एलएचसीसाठीचे चुंबक पुढची कित्येक वर्षं तिकडे जात राहिले. आज आपण सर्नचे सहयोगी सदस्य आहोत, जानेवारी २०१७ पासून. त्या नात्याचा पाया १९९८ मध्ये दार उघडं ठेवणाऱ्यांनी घातला.

शिवाय प्रत्यक्षात काय झालं तेही बघा. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर एलएचसीच्या प्रयोगांचे शोधनिबंध महिनोनमहिने लेखकांच्या नावांशिवाय पडून राहिले, कारण रशियन संस्थांची नावं छापायची की नाही यावर एकमत होईना. शेवटी माणसाचं नाव ठेवायचं आणि संस्थेचं गाळायचं, असा तोडगा निघाला. यातून मॉस्कोतल्या एका तरी सेनापतीचं मत बदललं का?

तुम्हाला काय वाटतं?

उत्तरा

पूर्ण असहमत, आणि सविस्तर लिहिते.

कणाद, तुमच्या मांडणीत शास्त्रज्ञ एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला आहे. रशियात ते असे वेगळे राहिलेले नाहीत. ४ मार्च २०२२ ला रशियन कुलगुरूंच्या संघटनेने युद्धाला पाठिंबा देणारं पत्रक काढलं. दीडशेहून जास्त विद्यापीठप्रमुखांच्या सह्या त्याखाली होत्या, मॉस्को विद्यापीठाच्या प्रमुखांसकट. कुर्चातोव्ह संस्थेचं उदाहरण घ्या. सोव्हिएत अणुबॉम्ब बनवण्यासाठी स्थापन झालेली ही संस्था सर्नची मोठी भागीदार होती. तुम्ही ज्या प्रोटव्हिनोचं कौतुक केलंत ती प्रयोगशाळाही आता तिच्याच छत्राखाली आहे. तिचे प्रमुख मिखाईल कोवालचुक यांनी युद्धाचं उघड समर्थन केलं. आपल्या सनदेत लष्करी कामाला थारा नाही असं लिहिणाऱ्या संस्थेने त्यांच्याशी हस्तांदोलन चालू ठेवायचं?

आता खारकिव्हचं बघू. तिथली भौतिकी आणि तंत्रज्ञान संस्था ही सोव्हिएत संघातली एक आद्य संस्था. अणुकेंद्र फोडण्याचा प्रयोग त्या देशात पहिल्यांदा तिथे झाला, १९३२ मध्ये. अलीकडे अमेरिकेच्या आरगॉन प्रयोगशाळेच्या मदतीने तिथे न्यूट्रॉनचा स्रोत उभारला होता. मार्च २०२२ मध्ये त्यावर गोळे पडले. त्या संस्थेतले लोक सर्नच्या प्रयोगांतही काम करतात. युक्रेन २०१६ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, म्हणजे आपल्याही आधीपासून. स्वतःची प्रयोगशाळा जळत असताना त्या माणसाने समोरच्या खुर्चीतल्या कुर्चातोव्हच्या प्रतिनिधीशी कॅलरीमीटरच्या दुरुस्तीचं वेळापत्रक ठरवायचं, अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करणार?

तुम्ही १९९८ शी तुलना केलीत, ती मला पटत नाही. आपण आपल्या जमिनीखाली चाचणी केली होती. शेजाऱ्याच्या शहरांवर क्षेपणास्त्रं टाकली नव्हती. दोन्हींना एकाच मापाने मोजलं तर आपण आपल्यावरच अन्याय करतो.

आणि दार पूर्ण लागलेलंही नाही. मॉस्कोच्या उत्तरेला दुबना इथे १९५६ पासून जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्याशी असलेला करार सर्नने जून २०२४ मध्ये चालू ठेवायचं ठरवलं. युक्रेनचा त्याला विरोध होता तरीही. म्हणजे सर्नने डोळे मिटून कुऱ्हाड चालवली नाही.

अगस्ती

कणाद यांच्याशी सहमत, पण माझं कारण तत्त्वाचं नाही, विज्ञानाच्या नुकसानीचं आहे.

रशियाच्या स्पेक्ट्र-आरजी या अंतराळ वेधशाळेवर इरोसिटा नावाची जर्मन क्ष-किरण दुर्बीण आहे. संपूर्ण आकाशाचा आठ वेळा नकाशा काढायचा, अशी तिची योजना होती. चार पूर्ण झाले, पाचवा चालू होता. २६ फेब्रुवारी २०२२ ला, आक्रमणानंतर दोन दिवसांनी, जर्मनीने ती निजवली. दुर्बीण धडधाकट, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, आणि बंद. ती जे बघणार होती ते दुसरं कोणी त्या काळात बघितलेलं नाही. त्या चुकलेल्या रात्री परत मिळत नाहीत.

दुसरं, उत्तर ध्रुवाचं. आर्क्टिक महासागराच्या किनाऱ्याचा निम्म्याच्या आसपास भाग रशियाचा आहे. तिथली कायम गोठलेली जमीन वितळते आहे, तिच्यातून कार्बन आणि मिथेन बाहेर पडतो आहे, आणि २०२२ पासून बाहेरच्या शास्त्रज्ञांना तिथल्या मोजणी केंद्रांची आकडेवारी मिळणं जवळजवळ थांबलं. हवामानाच्या गणितात एवढं मोठं भोक पडलं तर त्याचा फटका कोकणातल्या आणि बंगालातल्या किनाऱ्यालाही बसणार आहे. या शिक्षेत शिक्षा नेमकी कोणाला होते आहे, एवढाच माझा प्रश्न.

लकडीपूल

वरचे तिन्ही प्रतिसाद वाचले. मला दोन्ही बाजू भाबड्या वाटतात, हे स्पष्ट लिहितो. राग नसावा.

विज्ञानातलं सहकार्य हे पहिल्या दिवसापासून मुत्सद्देगिरीचंच साधन आहे. ते 'असावं का' हा प्रश्नच नाही. आपल्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर घ्या. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार, १९६९ मध्ये दोन अणुभट्ट्या चालू, आणि तीस वर्षं इंधन पुरवण्याचं वचन. १९७४ मध्ये पोखरण झालं. अमेरिकेने १९७८ मध्ये स्वतःचा नवा कायदा केला आणि जुन्या करारावर तो लादून इंधन आखडतं घेतलं. १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला म्हणून भट्ट्या चालू राहिल्या. फ्रान्स दयेपोटी आला नव्हता, त्याचा हिशेब होता.

क्रायोजेनिक इंजिनाचं, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाचं, तेच. १९९१ मध्ये इस्रोने रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी करार केला. मे १९९२ मध्ये अमेरिकेने दोन्ही संस्थांवर निर्बंध घातले, आणि १९९३ मध्ये रशियाने माघार घेतली: तयार इंजिनं देऊ, तंत्रज्ञान नाही. मैत्रीचे गोडवे गाणारा सोव्हिएत संघ तोवर विरघळला होता आणि उरलेल्या रशियाला डॉलर हवे होते.

यातून आपण काय शिकलो? ऐंशीच्या दशकात अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर दिला तो फक्त हवामानासाठी आणि अटींच्या जंजाळासह. त्यानंतर पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. नाकारलं गेलं म्हणून आपण केलं. रशियाचं दार बंद झालं याचं दुःख रशियाने करावं. आपण आपल्या प्रयोगशाळांत पैसा घालावा आणि कोणाच्याही दारात उभं राहावं लागणार नाही इतकं सक्षम व्हावं.

आणि गोड गैरसमज नको म्हणून: ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून रडारने पृथ्वीचा पृष्ठभाग तपासणारा निसार उपग्रह उडाला. नासा आणि इस्रो यांचं सर्वात मोठं संयुक्त काम, जवळपास दीड अब्ज डॉलरचं. त्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी भारतीय मालावर २५ टक्के आयातशुल्क जाहीर केलं. उपग्रहाने शुल्काचा एक टक्का तरी कमी केला का?

कणाद

लकडीपूल, निसारचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं केलंत, कारण मला त्यात नेमकं उलट दिसतं. शुल्क जाहीर झालं आणि उपग्रह तरीही उडाला. कोणीही म्हणालं नाही की आधी व्यापाराचं मिटवा, मग एल-बँड रडार देतो. आज तो बारा दिवसांत पृथ्वीची जवळपास सगळी जमीन आणि बर्फ दोनदा तपासतो आणि त्याची आकडेवारी जगाला खुली आहे. सहकार्याने शुल्क कमी करावं अशी माझी अपेक्षाच नाही. शुल्कामुळे सहकार्य थांबू नये, एवढीच आहे.

तो उपग्रह कुठल्या रॉकेटवर गेला तेही लक्षात घ्या. जीएसएलव्हीवर, आपल्या क्रायोजेनिक टप्प्यासह. ज्या इंजिनाचं तंत्रज्ञान अमेरिकेने १९९३ मध्ये आपल्यापर्यंत येऊ दिलं नाही, त्याच जातीच्या इंजिनावर नासाने आपलं महागडं रडार विश्वासाने ठेवलं. पण या कथेला विजयकथा म्हणताना मधली वर्षं मोजा. आपल्या इंजिनाचं पहिलं यशस्वी उड्डाण ५ जानेवारी २०१४ ला झालं. वीस वर्षं. त्या वीस वर्षांत आपले जड दळणवळण उपग्रह फ्रेंच गयानाहून एरियन रॉकेटवर पैसे मोजून जात होते. नाकारलं गेल्याने माणूस कणखर होतो हे खरं धरलं, तरी ते नाकारणाऱ्याचं समर्थन होत नाही.

१९७५ आठवा. पोखरणला वर्ष उलटलं होतं, आणीबाणी लागली होती, दिल्ली-वॉशिंग्टन संबंध विकोपाला गेलेले. तरी १ ऑगस्टला नासाचा एटीएस-६ उपग्रह भारतासाठी वर्षभर वळवला गेला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. विक्रम साराभाईंनी ज्याची स्वप्नं बघितली तो साइट प्रयोग तो हाच. इन्सॅट बांधणाऱ्या पिढीने आपले धडे तिथे गिरवले.

उत्तरा, तुमचा खारकिव्हचा मुद्दा मी टाळत नाही. तो माझ्या बाजूला सर्वात जड जाणारा मुद्दा आहे. पण उपाय माणसागणिक आणि कामागणिक व्हायला हवा होता. युद्धाची यंत्रं बनवणाऱ्या विभागाशी संबंध तोडा, युद्धाचा जयजयकार करणाऱ्या संचालकाला सर्नच्या कुठल्याही समितीत बसवू नका. पण आक्रमण झालं त्याच दिवशी युद्धाविरुद्ध खुलं पत्र लिहिणारेही रशियन शास्त्रज्ञच होते. हजारोंनी त्यावर सह्या केल्या, आणि तिथे सही करायला काय लागतं हे आपण इथे बसून नीट समजू शकत नाही. सर्नच्या निर्णयाने सही करणारा आणि जयजयकार करणारा एकाच रांगेत उभा केला. सुक्याबरोबर ओलंही जाळलं.

आणि एक प्रत्यक्ष प्रश्न. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान चार दिवस लढले. दोघंही सर्नचे सहयोगी सदस्य आहेत, पाकिस्तान २०१५ पासून. रशियाचा पायंडा पडल्यावर उद्या कोणी म्हणालं की दोघांचं सदस्यत्व गोठवा, तर आपण कशाच्या आधारावर नाही म्हणणार?

उत्तरा

आधारावर म्हणजे? पहलगामला कोण मेलं आणि कोणी मारलं, या आधारावर. आक्रमण करणारा आणि प्रत्युत्तर देणारा यात फरक करता येतो. करायलाच हवा. "सगळेच भांडतात" असं म्हटलं की आक्रमकाचं फावतं.

पण मला जास्त मूळचं काही बोलायचं आहे. सहकार्याने शांतता येते असं तुम्ही उघड म्हणत नसलात तरी तुमच्या प्रत्येक उदाहरणामागे तो विश्वास आहे. तो सेसमीवर तपासून बघा. जॉर्डनमधल्या अल्लान गावातला हा सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण देणारा त्वरक), युनेस्कोच्या छत्राखाली उभारलेला, २०१७ मध्ये उद्घाटन झालेला. इराण, इस्रायल, पॅलेस्टाईन, इजिप्त, तुर्की, पाकिस्तान, सायप्रस आणि जॉर्डन हे सगळे एकत्र. विज्ञानातल्या मुत्सद्देगिरीवर बोलणारा प्रत्येक जण हे उदाहरण देतो. मसूद अलीमोहम्मदी आणि माजिद शहरियारी या दोन इराणी भौतिकशास्त्रज्ञांचा सेसमीशी संबंध होता. दोघांची २०१० मध्ये तेहरानमध्ये बॉम्बने हत्या झाली. निर्बंधांमुळे इराणला आपली वर्गणी पाठवता येईना. जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ला करून अनेक अणुशास्त्रज्ञांना ठार केलं; दोनच दिवसांनी इराणी क्षेपणास्त्राने रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतल्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त केल्या. दोन्ही देश त्या वेळी एकाच सिंक्रोट्रॉनचे सदस्य होते.

कणाद, मी हे आनंदाने लिहीत नाही. सेसमी मला आवडते, तिने तिथे राहावं. पण ती युद्ध थांबवत नाही, शास्त्रज्ञांचे जीवही वाचवत नाही.

याउलट बहिष्काराने काही साधल्याचं उदाहरण आहे. युरी ओरलोव्ह हे त्वरकांचे शास्त्रज्ञ. हेलसिंकी करारातल्या मानवी हक्कांच्या कलमांचं पालन होतं का हे तपासायला मॉस्कोत गट काढला म्हणून १९७८ मध्ये त्यांना कैद झाली. अणुशास्त्रज्ञ आणि मानवी हक्कांचे पुरस्कर्ते साखारोव्ह यांना १९८० मध्ये गोर्कीला हद्दपार केलं. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सोव्हिएत अकादमीबरोबरची देवघेव स्थगित केली आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी ओरलोव्ह, साखारोव्ह आणि तुरुंगातले मानवी हक्क कार्यकर्ते श्चारान्स्की या तिघांसाठी बहिष्काराच्या प्रतिज्ञा केल्या. सर्नमधले शास्त्रज्ञही त्यात होते! १९८६ मध्ये ओरलोव्ह आणि श्चारान्स्की देशाबाहेर पडू शकले, साखारोव्ह मॉस्कोला परतले. फक्त बहिष्कारामुळे नाही, पण ती नावं जगाने विसरू नयेत हे त्या बहिष्काराने केलं.

एक गोष्ट अजून. रशियाचा करार संपला तेव्हा सर्नच्या परिषदेचे अध्यक्ष एलिएझर राबिनोविची होते, सेसमीच्या संस्थापकांपैकी एक. शत्रूंना एका टेबलावर बसवण्यात ज्याने आयुष्य घातलं तो माणूस अध्यक्ष असताना हा निर्णय अमलात आला. हलक्या हाताने झाला असेल असं मला वाटत नाही.

झुआरी

मी गोव्यात वास्कोला राहते. ध्रुवीय संशोधन केंद्र इथेच असल्याने अंटार्क्टिकाला जाऊन आलेल्या बऱ्याच लोकांशी बोलणं होतं. म्हणून तिकडची बाजू मांडते, कारण वरच्या चर्चेत ती आली नाही आणि माझ्या मते तीच सर्वात उपयोगी आहे.

अंटार्क्टिक करार १ डिसेंबर १९५९ चा. अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघंही त्यात. सात देशांचे जमिनीवरचे दावे होते, ते खोडले नाहीत आणि मान्यही केले नाहीत. जागच्या जागी गोठवले. लष्करी तळ नाही, अणुस्फोट नाही, आणि कोणाच्याही केंद्राची तपासणी करायचा एकमेकांना हक्क. १९८२ मध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिना फॉकलंडवरून लढले, तरी करारातून कोणी बाहेर पडलं नाही.

आपण त्यात कसे शिरलो? सय्यद झहूर कासिम यांची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, फारसा गाजावाजा न करता, आणि जानेवारी १९८२ मध्ये बर्फावर उतरली. १९८३ मध्ये आपल्याला करारात मताधिकार मिळाला. मत हवं असेल तर तिथे खरंखुरं संशोधन करावं लागतं, असा नियमच आहे. लकडीपूल म्हणतात ते इथे खरं आहे: ती मोहीम विज्ञानाची होती तेवढीच मुत्सद्देगिरीची होती. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आपल्या मैत्री केंद्राच्या शेजारी, काही किलोमीटरवर, रशियाचं नोवोलाझारेव्स्काया केंद्र आहे. केपटाऊनहून जाणारे आपले लोक तिथल्याच बर्फाच्या धावपट्टीवर उतरतात. तिथे कोणी आजारी पडलं, वादळात अडकलं, तर शेजारच्याला हाक मारावी लागते. संबंध तोडण्याची चैन तिथे कोणालाच परवडत नाही.

पण उत्तरा यांच्या बाजूचंही सांगते. २०२२ मध्ये बर्लिनला कराराची बैठक झाली तेव्हा रशियन प्रतिनिधी बोलायला उठला आणि अनेक देशांचे प्रतिनिधी सभागृहातून बाहेर गेले. भाषण संपल्यावर परत आले आणि कामकाज चालू झालं. मे २०२४ मध्ये हीच बैठक आपण कोचीला भरवली, तयारी वास्कोच्या केंद्राने केली. रशियाही होता, युक्रेनही होता. निषेध नोंदवला गेला आणि पर्यटन, पर्यावरण यावरचं कामकाजही झालं. मला ही रीत सर्नपेक्षा प्रगल्भ वाटते.

सगळं छान आहे असं मात्र नाही. दक्षिण महासागरात नवी संरक्षित क्षेत्रं करायचे प्रस्ताव रशिया आणि चीन वर्षानुवर्षं अडवून धरतात, कारण निर्णयाला एकमत लागतं. टेबलावर बसवून ठेवण्याची ही किंमत आहे.

औंढेकर

हिंगोली जिल्ह्यातला आहे, म्हणून दोन शब्द. आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. ११ फेब्रुवारी २०१६ ला गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर झालं, सहाच दिवसांत आपल्या मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली, आणि पूर्ण मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडलं, २,६०० कोटी रुपयांची. यंत्राचे आरशांसारखे महत्त्वाचे भाग अमेरिका देणार आहे. ते मुळात अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या दुसऱ्या यंत्रासाठी बनवलेले होते. लहर आकाशात नेमकी कुठून आली हे सांगायला पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, लांबवर, एक यंत्र लागतं. म्हणून औंढा.

लकडीपूल, तुम्ही म्हणता कोणाच्या दारात उभं राहू नका. पण या यंत्रात दार आमच्याकडे आहे. त्यांच्या दोन यंत्रांना आमचं तिसरं हवं आहे, आम्हाला त्यांचे आरसे हवे आहेत. एकट्या देशाने हे विज्ञान होतच नाही, कितीही सक्षम असला तरी.

आमची धास्ती वेगळी आहे. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात लायगोच्या दोनपैकी एक वेधशाळा बंद करायचं म्हटलं होतं. तो प्रस्ताव युद्धाचा नव्हता, पैसे वाचवायचा होता. इथे लोकांनी जमिनी दिल्या आहेत, पोरं भौतिकशास्त्राला जायचं म्हणतात. उद्या शुल्काच्या किंवा तेलाच्या भांडणात कोणी आरसे अडवले, तर ते सेनापतीला नाही, औंढ्याच्या पोरांना लागेल. म्हणून मी कणाद यांच्या बाजूचा.

लकडीपूल

औंढेकर, दार तुमच्याकडेही आहे हा मुद्दा मान्य. मग आपण तसं वागायला हवं. करारात लेखी घ्या की राजकीय कारणाने सामान अडवता येणार नाही. तारापूरला हेच कच्चं राहिलं होतं. माझा विरोध सहकार्याला नाही, भरवशावर सोडण्याला आहे.

कणाद

झुआरी, कोचीची माहिती दिलीत त्याबद्दल मनापासून आभार. मला सर्नमध्ये हेच हवं होतं: बोलायला उठला की बाहेर जा, काम सुरू झालं की आत या.

उत्तरा, ओरलोव्हचा बहिष्कार मी चूक मानत नाही. पण तो कोणी केला ते बघा. शास्त्रज्ञांनी, स्वतःच्या नावाने, तुरुंगातल्या सहकाऱ्यासाठी. मागणी स्पष्ट होती: या माणसाला सोडा. आणि तेव्हाही सर्नचा सोव्हिएत संघाशी असलेला करार संस्था म्हणून चालूच होता. २०२४ चा निर्णय सरकारांच्या प्रतिनिधींनी भरलेल्या परिषदेत झाला आणि त्याने त्या ५०० जणांकडे काही मागितलंच नाही. काय केलं म्हणजे परत घेऊ, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन शास्त्रज्ञांना १९२६ पर्यंत आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेबाहेर ठेवलं होतं. त्यातून जर्मनीत शहाणपण वाढलं नाही, कडवटपणा वाढला. त्याच काळात, १९१९ मध्ये, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन बर्लिनमधल्या आइन्स्टाइनचा सिद्धांत ग्रहणात तपासायला आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेला होता.

म्हणून माझी मागणी ठोस लिहितो. भारत सहयोगी सदस्य म्हणून सर्नच्या परिषदेत बसतो. मत देता येत नाही, पण बोलता येतं. तिथे आपण तीन गोष्टी मांडाव्यात. लष्कराशी थेट जोडलेली संस्था बाहेर, बाकीच्या नाहीत. कुठल्याही व्यक्तीला केवळ पारपत्रावरून किंवा संस्थेच्या नावावरून बंदी नाही. आणि स्थगिती दिलीच, तर ती कशाने उठेल हे पहिल्याच दिवशी लेखी जाहीर करायचं.

उत्तरा

तिसरी मागणी मला मान्य आहे, आणि ती सर्नने पाळली नाही हेही खरं आहे. दुसरी अर्धी मान्य: व्यक्तीला बंदी नको, पण तिने जयजयकार करणाऱ्या संस्थेचं नाव छातीवर लावून आत येऊ नये. शोधनिबंधांवर तोडगा काढला तोच इथे लावता आला असता: माणूस राहील, संस्थेचं नाव नाही.

पहिलीवर आपलं जमणार नाही. 'लष्कराशी थेट जोडलेली' हे कोण ठरवणार? कुर्चातोव्हमध्ये एकाच आवारात मूलकणांवरही काम होतं आणि अणुपाणबुड्यांच्या भट्ट्यांवरही. तुमच्या यादीत युक्रेनियन शास्त्रज्ञांना विचारायची तरतूद कुठेच नाही. कोचीला ते हजर होते, बोलले, आणि त्यांच्यासमोर काम झालं. सर्नमध्ये रशियन संस्थांना परत घ्यायचं की नाही, यावर पहिला शब्द खारकिव्हच्या त्या प्रयोगशाळेचा असला पाहिजे. ही चौथी मागणी लिहा, मग पहिलीवर पुन्हा बोलू.